झेंडूची माळ घातलेली डॉज

पंचवटी, नाशिक
११ जून १९९६

चि. सौ. ललिता हिला किशोरदादाचे आशीर्वाद, काकूंच्या पायी डोकं.

घरी फोन आलाय तर पत्रं कशाला लिहितोस, असं तू विचारलंस. अगं, एसटीडीवर मीटर पळायला लागलं की मला गाडीचं चाकसुद्धा नीट सांगता येत नाही. शिवाय काकूंना पत्र दोनदा वाचून घेता येतं, फोन दोनदा ऐकता येत नाही. तेव्हा माझं हे अक्षर सहन कर.

या खेपेची कमाई चांगली आहे. निफाडजवळ एका मळ्यात लँडमास्टर सापडली. आत कोंबड्या. मालकीणबाई बॉनेट उचलून इंजिनाच्या जागेतून अंडी काढतात. मी म्हटलं, "बाई, ही गाडी एके काळी साहेबलोकांची होती." तर म्हणाल्या, "असंल. आता माझ्या कोंबड्यांची हाय." सिन्नरच्या स्टँडमागे एका सलूनमध्ये गिऱ्हाइकाला बसायला हिलमनची पुढची सीट आहे. तिच्यावर बसून दाढी करून घेतली, गरज नव्हती तरी. आणि आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांची डुक्कर फियाट अजून चालू आहे. डॉक्टर चालत नाहीत, गाडी चालते.

परवा दिंडोरीकडच्या एका नव्या गिऱ्हाइकाने मला हटकलं. म्हणाला, "द्राक्षाची औषधं विकायला आला ना तुम्ही? मग आमच्या गोठ्यात काय डोकावता?" त्याला तुझ्या दादाची सगळी कथा सांगितली. माझा एक मित्र होता, निवृत्ती. आग्रा रोडच्या मोरीवर बसून आम्ही दोघं येणारी गाडी लांबून ओळखायचो. त्याच्या वडिलांची मोरपंखी डॉज होती, नाशिक रोड स्टेशनावरून यात्रेकरूंना त्र्यंबकला न्यायची. वडील म्हणाले, पेट्रोल परवडत नाही, डॉज मोडीत काढू, डिझेलची जीप घेऊ. त्यावरून बापलेकांत कडाक्याचं भांडण झालं आणि निवृत्ती पहाटे गाडी काढून निघून गेला. अठरा वर्षं झाली. त्याच्या आईला मी शब्द दिलाय, जुनी गाडी दिसली की थांबून बघायचं. माणूस लपेल, एवढं मोठं धूड कुठे लपणार?

गिऱ्हाईक ऐकून घेत होतं. नंतर औषध मात्र उधारीवर मागायला लागलं. असो.

तुझा,
किशोरदादा


इंदूर
२ जुलै १९९६

प्रिय किशोरदादा, सा. नमस्कार.

कोंबड्यांची लँडमास्टर आईला फार आवडली. दोनदा वाचायला लावली आणि दुपारी भाजीवाल्यालाही सांगितली. त्याला मराठी कळत नाही, तरी तो हसला.

मीसुद्धा आता थांबून बघायला लागलेय. आमच्या शाळेच्या वाटेवर एक लांबलचक पांढरी गाडी वरातीसाठी भाड्याने देतात. मागचा भाग पुढच्याइतकाच लांब आहे, कुठून येतेय आणि कुठे चाललीय तेच कळत नाही. स्टुडबेकर असेल का? हे म्हणतात, "तुझा भाऊ हरवला तो हरवला, आता तू पण रस्त्यात उभी राहायला लाग." थट्टेत म्हणतात, पण मला लागतं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मागच्या पितृपक्षात गुरुजी आले होते. त्यांनी हळूच विषय काढला, माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की त्याचं सगळं करून टाकतात, म्हणजे त्यालाही मोकळं होता येतं आणि घरालाही. आईने त्यांचं जेवण होऊ दिलं, दक्षिणा दिली आणि मग म्हणाली, "जिवंत माणसाचं पान मी वाढणार नाही." बाबांचं पान वाढते, आजीचं वाढते. दादाचा विषय काढला की उठून जाते.

आणि ते कपाट. नाशिकहून तिने एवढी एकच वस्तू हट्टाने आणली, तुला आठवतं ना? त्याच्या एका दाराला पितळी मूठ आहे, दुसऱ्याला नुसती भोकं. डॉजच्या मागच्या डाव्या दाराची आतली मूठ तुटली होती, यात्रेकरूंना दार ओढून घेता यायचं नाही, म्हणून आईनेच कपाटाची ही दुसरी मूठ काढून दादाला दिली होती. हे नवीन मूठ बसवायला निघाले होते. आईने सुतारालाच परत पाठवलं. म्हणाली, "ती यायचीय." किशोरदादा, मला कधी कधी वाटतं, तुझी पत्रं आली नसती तर तिने एव्हाना वाट बघणं सोडलं असतं. ते बरं झालं असतं की वाईट, मला ठरवता येत नाही.

तू बघत राहा.

तुझी,
ललिता


नाशिक
२३ ऑक्टोबर १९९६

ललिता, काकूंना आधी खुर्चीवर बसव आणि मग हे मोठ्याने वाच.

डॉज सापडली.

दसऱ्याला मी सोनं द्यायला माझ्या गिऱ्हाइकांकडे फिरत होतो. छाटणीचे दिवस आहेत, चार पानं आपट्याची दिली की औषधाचा विषय सोपा जातो. दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्यावरून आत, ओढ्याकाठी एक वस्ती आहे. तिकडे मी कधी गेलो नव्हतो. घराला कुलूप होतं, सगळे बहुतेक वणीला गडावर गेलेले. तारेचं कुंपण आणि आत एक कुत्रं, वाघाच्या वर. बागेच्या टोकाला बाभळीखाली गाडी उभी होती. नाक माझ्याकडे.

तुला ठाऊक आहे, डॉज, प्लायमाउथ आणि डी-सोटो या एकाच घरातल्या तिघी बहिणी. अंगाने अगदी सारख्या, ओळखायच्या त्या नाकावरच्या जाळीवरून. ही डॉज आहे. चाकं नाहीत, काचा नाहीत, गंज चढलाय. पण जिथे गंज नाही तिथे मोरपंखी रंग आहे. आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या डॉजला कोणी मोरपंखी रंग दिला होता, सांग बरं?

आता खरी गोष्ट ऐक. गाडीला झेंडूची ताजी माळ होती. स्टिअरिंगला दुसरी. पुढे नारळ फोडलेला. चाकं नसलेल्या, हलूही न शकणाऱ्या गाडीची दसऱ्याला पूजा कोण करेल? जो तिच्यावर पोट भरून राहिला तोच. आणि चालकाच्या जागेवर एक लालभडक गादी ठेवलेली दिसली. म्हणजे तिथे आजही कोणीतरी बसतं. काकू, तुमचा मुलगा असाच होता ना? पूजेला आळशी, पण दसऱ्याला गाडी धुऊन माळ घातल्याशिवाय जेवायचा नाही.

मी एक तास थांबलो. कोणी आलं नाही. आता औषधांची गाडी यायची आहे, ती आटोपली की लगेच जातो. राहवलं नाही म्हणून आधी लिहितोय. अठरा वर्षं तो आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर द्राक्षं लावत बसला होता की काय? भेटला की आधी दोन थोबाडीत देणार आहे. काकूंच्या वाटची एक आणि माझ्या वाटची एक.

किशोरदादा


इंदूर
४ नोव्हेंबर १९९६

किशोरदादा,

काय लिहू?

पत्र वाचून झालं तशी आई उठून देवघरात गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "बेसन आण. लाडू करायचेत." संध्याकाळी मी भीत भीत म्हटलं, आई, दुसऱ्या कोणाची गाडी असेल. तर म्हणाली, "किशोर गाडी ओळखण्यात कधी चुकायचा नाही. निवृत्ती चुकायचा. किशोर नाही. लहान होता तेव्हा ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा."

ती चार वेळा जेवते आता. पाठ दुखते म्हणून तक्रार नाही. शेजारच्या काकूंना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. तिला एकच काळजी आहे, की त्याने लग्न केलं असेल तर सुनेला काय न्यायचं. तिच्या पेटीतली जांभळी पैठणी काढून उन्हात टाकलीय. मला म्हणाली, "तो आपल्याला तोंड दाखवायला लाजत असेल. वडील गेले हे त्याला कळलं असेल का गं?"

दिवाळीनंतर आम्ही दोघी येतो. भेटलास का त्याला? लगेच लिही. तार कर.

ललिता


इंदूर
२२ नोव्हेंबर १९९६

किशोरदादा,

दिवाळी झाली. तुझं पत्र नाही. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, फिरतीवर आहेत. दोन्ही वेळा फिरतीवर.

आई रोज पोस्टमनला फाटकाशी गाठते. लाडू संपले, तिने पुन्हा केले. तू आजारी आहेस का?

ललिता


नाशिक
३० नोव्हेंबर १९९६

चि. ललितास आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. छाटणीच्या औषधांचे दिवस, श्वास घ्यायला सवड नाही. त्या मळ्याचे मालक मुलीकडे गेलेत, परत आले की बोलेन. तोवर तुम्ही यायची घाई करू नका. थंडी पण फार पडलीय इकडे. काकूंना सोसणार नाही.

काकूंना नमस्कार.

किशोर


इंदूर
१८ डिसेंबर १९९६

किशोरदादा,

तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. प्रत्येक पत्रात निदान एक तरी गाडी आहे, कोणाच्या तरी गोठ्यातली, कोणाच्या तरी सलूनमधली. या पत्रात एकही नाही. नाशिकच्या थंडीची भीती तू आईला घालतोस? ती जन्मली तिथेच.

मी हे शाळेतून लिहितेय. आईने तिकिटं काढायला लावलीत, संक्रांतीच्या आधीची. तिने निवृत्तीदादासाठी स्वेटर विणलाय. माप आठवेना, म्हणून यांना अंगाला लावून बघत होती आणि म्हणत होती, "याच्याहून खांदे रुंद होते." हे हात पसरून उभे होते. त्या वेळी मला कळलं की तू काहीतरी लपवतोयस.

काय असेल ते मला सांग. माझ्या शाळेच्या पत्त्यावर लिही. तिला सांगायचं की नाही ते आपण नंतर ठरवू.

ललिता


नाशिक
२७ डिसेंबर १९९६

ललिता,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. हे तुझं. दुसरं घडी घातलेलं काकूंचं. हे वाचून झालं की जाळून टाक.

डॉज सापडल्याचं पत्र मी पेटीत टाकलं त्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी तिथे परत गेलो. मालक पुंजाराम आणि त्यांची बायको कुसाबाई दोघं घरी होते. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "ही गाडी कोणाची? तिची दसऱ्याला पूजा कोण करतं?" पुंजाराम म्हणाले, "गाडीची नाय सायेब. त्याची."

मला काही कळेना. त्यांनी मला जवळ नेलं. चालकाच्या जागेवर मी पाहिली ती गादी नव्हती गं. शेंदूर फासलेला दगड होता.

अठरा वर्षांपूर्वी घट बसायच्या सुमाराला ओढ्याला मोठा पूर आला होता. वणीच्या रस्त्यावर एक फरशी होती, ठेंगणा पूल, पाणी वरून वाहायचं. पूर ओसरल्यावर पुंजारामांना गाडी खाली काठाशी रुतलेली सापडली. आत माणूस. कागदपत्रांचा लगदा झालेला, नंबराची पाटी वाहून गेलेली. पंचनामा झाला. चौकीतून सांगितलं, कोणी विचारायला आलं तर कळवू. कोणी आलं नाही. कसं येणार? तुझ्या वडिलांनी तक्रारच दिली नव्हती. "गेला तो मला मेला" म्हणाले होते, आणि आपण सगळे त्यांच्या धाकात होतो. गावानेच त्याला ओढ्याकाठी अग्नी दिला. पुंजारामांच्या थोरल्या भावाने दिला. तेही आता नाहीत.

मी दिवस जुळवून पाहिले. तो पहाटे निघाला त्याच दिवशी ओढ्याला पूर होता. ललिता, तो कुठेही गेला नव्हता. आपण समजत होतो तसा सुरतेला नाही, कुठे नाही. घरातून निघाला आणि दुपारपर्यंत संपला.

गाडी कोणी न्यायला आलं नाही म्हणून यांनी बैल लावून मळ्यात ओढून आणली. औषधाचा पंप ठेवायला बरी म्हणून. मग त्या वर्षी म्हैस मेली, पोर आजारी पडलं. कुसाबाई म्हणाल्या, "त्याचं कोणी नाय, म्हनून तो हितंच बसून राह्यलाय. त्याला दोन घास तरी देऊ." तेव्हापासून दर दसऱ्याला माळ, नारळ आणि भाकरी. दुसऱ्या कोणाच्या अंगणात त्याची सोय लागली होती आणि आपण त्याच्या लग्नाची चर्चा करत होतो.

मला वाटलं होतं, झेंडूची माळ आणि दसरा म्हटल्यावर वाहनाची पूजा. नाशिकात तो दिवस दुसऱ्या कशाचा असतो? पंपाला माळ, ट्रॅक्टरला माळ, सायकलला माळ. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आणि मी कुंपणाबाहेरून पाहून तुम्हाला लिहून बसलो. चार दिवस थांबलो असतो तर ते लाडू झाले नसते, तो स्वेटर झाला नसता. माझं मलाच तोंड बघवत नाही.

तीच गाडी कशावरून, असं म्हणशील. मागच्या डाव्या दाराला आतून तुमच्या कपाटाची मूठ आहे. पुंजारामांनी स्क्रू काढून ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "ज्याची हाय त्याला द्या." ती मी शाळेच्या पत्त्यावर वेगळी पाठवतो. माझ्या घरात ती मला ठेववत नाही.

दुसरं पत्र काकूंना वाचून दाखव. तिकिटं परत कर. माझं नाव गेलं तरी चालेल.

किशोरदादा


(घडी घातलेलं)

नाशिक, २७ डिसेंबर १९९६

ती. काकूंना सा. नमस्कार.

काकू, मला क्षमा करा. गाडी ओळखण्यात माझी चूक झाली. जवळ जाऊन पाहिली तेव्हा नाकावरची जाळी प्लायमाउथची निघाली. लांबून, गंजामुळे, मला डॉजची वाटली. वय झालं, डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. मोरपंखी रंगही मालकाने नंतर मारलेला, ट्रॅक्टरच्या शेडला लावून उरलेला. मालक कळवणचे, त्यांच्या वडिलांची गाडी म्हणून पूजा करतात. कपाटाची मूठ वगैरे काही नाही. मी सगळी दारं पाहिली.

तुम्हाला उगाच आशा लावली. निवृत्तीची डॉज कुठेतरी चालत असेल. मी बघत राहीन.

तुमचा,
किशोर


इंदूर
१९ जानेवारी १९९७

किशोरदादा,

दोन्ही पत्रं मिळाली. माझं शाळेतल्या बागेत जाळलं. शिपाई विचारत होता, बाई, काय जाळताय. म्हटलं, जुने पेपर.

तुझं दुसरं पत्र मी आईला वाचून दाखवलं. कधी नव्हे ते तिने दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही. "प्लायमाउथ," असं एकदा म्हणाली. मग म्हणाली, "बरं. तिकिटं परत कर." स्वेटर उसवून लोकर गुंडाळून ठेवली. जांभळी पैठणी पेटीत गेली. रात्री जेवली नाही, पण सकाळी उठून नेहमीसारखी कामाला लागली. मला वाटलं, पचलं.

मला मात्र पचत नाही. तो गेला त्या रात्री आईने त्याच्यासाठी पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. बाबा झोपल्यावर येईल म्हणून मी ओट्यावर बसून होते. त्या वेळी तो पाण्यात होता. आणि मी रडायचं कुठे? घरात आई, शाळेत पोरं. यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू खोटं बोलतेस ते बरोबर आहे." त्याने माझं काही हलकं झालं नाही. मी भावाला एकदा गमावलं, आता रोज गमावतेय आणि वर तोंड हसरं ठेवायचं.

मूठ पोचली. जुन्या बाळंतविड्याच्या डब्यात, दुपट्यांच्या खाली ठेवलीय. तिथे कोणी हात घालत नाही.

ललिता


नाशिक
१५ जून १९९७

चि. ललितास आशीर्वाद.

पुंजारामांच्या मुलांनी वाटण्या केल्या. ओढ्याकाठचा तुकडा धाकट्याकडे आला, त्याला तिथे बोअर मारायचं होतं. भंगारवाला आला आणि डॉज कापून घेऊन गेला. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाभळीखाली तेलाचा काळा डाग आहे आणि कुसाबाईंनी तो दगड उचलून बांधावर ठेवलाय, उघड्यावर. म्हणाल्या, "माळ म्या घालीन तवर घालीन. म्होरं कोन घालंल ठाव नाय."

मी आता गाड्या बघायचं सोडलंय. परवा सिन्नरला एक हेराल्ड माझ्या शेजारून गेली, चालू, चकचकीत. मी मान फिरवली. नाव आपोआप तोंडात आलं तेवढंच. निवृत्ती असता तर स्टँडर्ड हेराल्डला ट्रायम्फ म्हणून भांडला असता.

काकूंना काहीतरी लिहायला हवं म्हणून मधूनमधून मी खोट्या गाड्या लिहून पाठवतो, तुझ्या लक्षात आलं असेल. चांदवडची मॉरिस खोटी. येवल्याची ऑस्टिन खोटी. आता मी कुठे थांबत नाही.

किशोरदादा


इंदूर
३ ऑक्टोबर १९९७

प्रिय किशोरदादा,

परवा सर्वपित्री झाली. सकाळी मी स्वयंपाकाला लागले होते. आई पाटावर बसून अळूची पानं पुसत होती. न बघता म्हणाली, "यंदा एक पान जास्त वाढ."

मी विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला अळूवडी आवडायची. त्याच्या पानावर दोन जास्त ठेव."

मी उलथनं तसंच ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती. पानं पुसत होती, एकेक शीर सोलत होती. मग म्हणाली, "जा, चांदीची वाटी काढ कपाटातून."

मी कपाटाकडे गेले. दोन्ही दारांना मुठी होत्या. नवी बसवलेली चिंचेने घासून लखलखीत केली होती, तिच्यापुढे जुनीच मळकी दिसत होती. स्क्रू थोडा वाकडा बसलाय. तिने स्वतःच बसवला असणार, तिच्या हाताला आता जोर नाही. कधी बसवली, डब्यात तिला कधी सापडली, सापडल्यावर किती दिवस ती माझ्याशी प्लायमाउथची गोष्ट खरी धरून बोलत होती, मला माहीत नाही. मी दार उघडायला गेले आणि माझ्याने ती मूठ धरवेना. शेवटी हे आले आणि यांनी वाटी काढून दिली.

पान वाढलं. आईने स्वतः नाव घेतलं. गुरुजींसमोर, मोठ्याने, वडिलांच्या नावासकट. इतकी वर्षं तिने त्याचं नाव जपून वापरलं होतं, परवा एकदाच खर्चून टाकलं. संध्याकाळी तिने फाटकाशी जायचं सोडून दिलं. पोस्टमन आला तरी उठली नाही.

ती आता काही मागत नाही, काही विचारत नाही. मला वाटायचं, खरं कळलं तर ती मोडेल. तसं काही झालं नाही. नुसती थांबली आहे. समोर बसलेली असते आणि घरात नसते. मला ती वाट बघणारी आई परत हवीय, किशोरदादा. ती कुठून आणू?

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं, कुसाबाईंचंसुद्धा. त्यांना जांभळी पैठणी द्यायचीय. मी पार्सल करतेय, तू नेऊन दे. आई म्हणाली, "तिने माझं काम केलं, मी घरात बसून राहिले."

तुला लिहायला बसले तेव्हा आईला विचारलं, किशोरदादाला काय लिहू. म्हणाली, गाड्यांचं आता काही पाठवू नकोस म्हणावं. मग मी पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा पुन्हा हाक मारली आणि म्हणाली, "किशोरला लिही, गाडी तू बरोबर ओळखली होतीस."

तुझी,
ललिता